सात हिरवे तुकडे

तुम्हीच सांगा, ज्याचा सगळा जन्म गवतात गेला त्याला वीतभर गवत पारखता येऊ नये, असं कधी ऐकलंय तुम्ही?

सुकदेव आरोटेचं अगदी तसंच झालं होतं.

त्याच्या घरी तीन पिढ्यांचा दुधाचा धंदा. पेंढीतली एक काडी दाताखाली धरली, की गवत कोणत्या डोंगराचं, कधी कापलेलं, पावसात भिजून वाळलेलं की नाही, हे तो बसल्या जागी सांगायचा. गवताचा गंज विकत घ्यायचा झाला की लोक त्याला गाडीत घालून न्यायचे. आणि त्याचा त्याला चांगलाच ताठा होता.

तो सुकदेव वैशाखाच्या भर दुपारी मठाच्या ओट्यावर उकिडवा बसला होता. समोर अंगणात प्लास्टिकच्या गवताचे सात तुकडे मांडलेले. सातही हिरवे. सातही मऊ. एकातही दाताखाली धरण्यासारखं काही नाही.

"आक्का, यातलं खरं कोणतं?"

आक्का सुपात तांदूळ घेऊन त्यांना कुंकू चोळत होत्या. दोन दिवसांनी मठाच्या अंगणात एका गरिबाघरचं लग्न होतं, त्याच्या अक्षता. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं खोटंच आहे, असं आल्या आल्या तूच सांगितलंस ना?"

"खोटंच आहे. पण खोट्यातलं खरं कोणतं, ते विचारतोय."

"हं…"

एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ चोळू लागल्या.

मुळा नदीच्या काठी तो लहानसा मठ. तिथले बुवा वारले तेव्हा मागे कुणी शिष्य नव्हता. होत्या फक्त आक्का, तीस वर्षं अंगण झाडणाऱ्या. त्या प्रवचन करत नसत, अंगारा देत नसत. तरी पंचक्रोशीतली माणसं अडलं-नडलं की त्यांच्याकडे यायची. सुकदेव तर विशीपासूनचा. बुवांच्या माघारी त्याने गुरू मानलं ते आक्कांनाच, पण त्यांनी कधी त्याला शिष्य म्हटलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "दूध घालायला येतो."

आज मात्र तो दूध घालायला आलेला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी त्याने रस्त्याकडेच्या शेतात मंगल कार्यालय काढलं होतं. उघड्यावरचं, हिरवळीचं. आपल्याकडे अशा जागेला लॉन्स म्हणतात. आरोटे लॉन्स. हिरवळ खरी होती आणि सुकदेवच्या हातची होती, म्हणून गालिच्यासारखी होती. मग गेल्या उन्हाळ्यात बोअर आटली. हिरवळ पिवळी पडली, एका लग्नाच्या आदल्या दिवशी टँकरने पाणी मारलं, आणि दुसऱ्या दिवशी वरमाय पैठणीसकट चिखलात बसली. तिला काही लागलं नाही. पण जेवायला बसलेल्या कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "म्हशी पाळणाऱ्याने म्हशीच पाळाव्यात."

ते सुकदेव विसरला नव्हता.

आणि आता सोळा दिवसांवर कावेरीचं लग्न आलं होतं. त्याच्या भावाची, दशरथची मुलगी. दशरथने शेवटच्या दुखण्यात सुकदेवचा हात धरला होता, तेव्हा सुकदेवने शब्द दिला होता, की तुझ्या पोरीच्या लग्नाला कुणी नाव ठेवणार नाही. लग्न आरोटे लॉन्सवरच होतं. पिवळ्या हिरवळीवर ते लावणं शक्य नव्हतं. म्हणून नकली गवत. नाशिकच्या विक्रेत्याने सात नमुने हातात देऊन बजावलं होतं, की उद्या सकाळी दहाच्या आत सांगा, नाहीतर लग्नाआधी अंथरून व्हायचं नाही.

तो माणूस दोन तास बोलला होता. पात्याची उंची, टाक्यांची दाटी, उन्हाला टिकणारा रंग, खालच्या रबराची भोकं. एक दुकानदार म्हणे उंच पातं घ्या, दुसरा म्हणे उंच पातं झोपतं. एक म्हणे चमक बघा, दुसरा म्हणे चमकतं ते हलकं. सुकदेवच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. त्याला मनातून आवडला होता तो एकच तुकडा, 'रॉयल' नावाचा. उंच, लुसलुशीत, बोटं घातली की बुडावीत असा. पण आवडला म्हणूनच त्याला भीती वाटत होती. हिरवळही आवडलीच होती की.

त्याने हे सगळं आक्कांना सांगितलं.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि अनवाणी अंगणात उतरल्या. एकेका तुकड्यावर उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं.

"आक्का, पाय भाजतील."

"भाजतायतच."

"लग्न गोरज मुहूर्ताचं आहे. तोवर ऊन उतरतं."

"मग बरं."

सातव्या तुकड्यावरून उतरताना त्या वाकल्या आणि दोन बोटांनी एक झुबका ओढला. झुबका हातात आला. त्यांनी तो सुकदेवपुढे धरला.

"याचे केस तुझ्याआधी गळणार."

सुकदेवने नकळत टकलावरून हात फिरवला. सातवा तुकडा त्यांनी पायाने बाजूला सारला. बाकीच्या सहांचे झुबके ओढून बघितले, ते नाही निघाले. सुकदेवला हुरूप आला. आक्का बोलत नसल्या तरी पारख करत होत्या. आता त्या एकेक तुकडा काढत जाणार आणि शेवटी एक उरणार, असं त्याला वाटलं.

पण आक्का सरळ सुपाकडे गेल्या. मूठभर लाल अक्षता घेतल्या आणि पहिल्या तुकड्यावर उधळल्या. मग दुसऱ्यावर. सहा तुकडे, सहा मुठी.

सुकदेवने झटकन हात जोडले. त्याला वाटलं, आशीर्वाद दिला.

मग त्यांनी तांब्यातलं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. सुकदेवने डोळेही मिटून घेतले.

"डोळे उघड," आक्का म्हणाल्या. "आणि सांग, यातलं स्वच्छ कोणतं दिसतंय?"

सुकदेवने बघितलं. एक आखूड पात्याचा, दाट विणीचा, रंगाने जरा मळकट तुकडा होता. त्याच्यावर अक्षता जशा पडल्या तशाच वर राहिल्या होत्या, चेहऱ्यावर गोवर उठावा तशा. मधल्या चारांवर कमीजास्त. आणि 'रॉयल'वर… एकही दाणा नव्हता. मूठभर तांदूळ त्याने गिळून टाकले होते, आणि तो पहिल्यासारखाच हिरवागार, लुसलुशीत दिसत होता.

सुकदेवच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

"हे! बघा, मला आधीपासूनच वाटत होतं. चारशे माणसांनी अक्षता टाकल्या तरी दिसायच्या नाहीत."

"नक्की?"

"डोळ्यांपुढे आहे की."

"बरं. मग त्यातले माझे तांदूळ तेवढे काढून दे."

सुकदेव हसला. आक्का हसल्या नाहीत.

त्या मठाची एक रीत होती. अंगणात लग्न लागलं, की शेवटचा पाहुणा जायच्या आत अक्षता झाडून गोळा करायच्या. एकही दाणा रात्री पायाखाली राहू द्यायचा नाही. गोळा केलेले दाणे पाखडायचे, माती वेगळी करायची आणि तांदूळ नदीकडच्या शिळेवर पाखरांना टाकायचे. आक्कांनी तीस वर्षं हेच केलं होतं. बुवांनी त्यांना एक अभंग शिकवला नाही, एक मंत्र दिला नाही. झाडू दिला. मठाचं अंगण शहाबादी फरशीचं, तिथे ते जमत होतं.

सुकदेव 'रॉयल'पुढे मांडी घालून बसला.

वरची उंच पाती बाजूला केली की खाली बारीक कुरळ्या, वाळक्या रंगाच्या तंतूंचं जाळं होतं. विक्रेत्याने हेच जाळं कौतुकाने दाखवलं होतं, यामुळे गवत खरं वाटतं म्हणून. तांदूळ त्या जाळ्यात जाऊन बसले होते, आणि ओले झाल्यामुळे चिकटले होते. तुकडा उलटा करून झटकला, पाच-सहा दाणे पडले. झाडू मारला, तर दाणे आणखी आत गेले. मग तो बोटांनी एकेक दाणा टिपू लागला.

ऊन ओट्यावरून खाली सरकलं. आक्का पुन्हा अक्षता चोळत बसल्या.

सुकदेवचं डोकं आणखी गरगरायला लागलं. आक्कांना प्लास्टिकच आवडलं नसेल, म्हणून ही शिक्षा? पण तसं असतं तर त्या तोंडावर म्हणाल्या असत्या. की तो आखूड तुकडा घे, असं सुचवतायत? मग सरळ सांगायला काय झालं? त्याने चोरून आखूड तुकड्याकडे हात नेला. तिथले दाणे तर फुंकरीने निघाले असते.

"तिकडे नाही," आक्का न बघता म्हणाल्या. "जिथे दिसत नाहीत तिथले आधी काढ."

"आक्का, एवढा विचार कशाला? आमच्याकडे हवेचं यंत्र येणार आहे. गडी फिरवतात. सगळं फुंकून टाकतं."

"कुठे?"

"म्हणजे?"

"फुंकून कुठे टाकतं?"

 ते सुकदेवने कधी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याला दुसरी युक्ती सुचली. शहरात हल्ली अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या देतात. तसंच करू. दारात पाटी लावू, इथे अक्षता टाकू नयेत.

आक्कांचा चोळता हात थांबला.

"हो. आणि नवरीलाही बोलावू नकोस. तिच्या पायाला हळद असते. गवताला डाग पडतील."

सुकदेव पुन्हा खाली वाकला. बराच वेळ नुसता दाणे टिपत राहिला. नखांत कुंकू भरलं होतं, पाठीत रग लागली होती. ज्या हातांनी त्याने अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या त्यांना तांदळाचा एक दाणा दाद देत नव्हता.

"कावेरी काय म्हणाली?" आक्कांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"गवताबद्दल."

"तिचं काय! ती म्हणाली, काका, तुम्ही कराल ते."

"म्हणजे तू विचारलंच नाहीस."

"विचारलं ना. दाखवले सगळे तुकडे. 'रॉयल' कसं वाटतं, म्हणून विचारलं…"

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. आक्कांनी कुंकवाची डबी बंद केली.

"आक्का, मला गवताचं काही नाही हो," तो शेवटी म्हणाला. "दशरथला शब्द दिलाय. त्या दिवशी चारशे माणसं असतील, आणि ती नुसती खाली बघत असतील. आरोट्याच्या पायाखाली यंदा काय आहे ते. पोरीकडे बघणारच नाहीत… मला असं काहीतरी अंथरायचंय, की कुणाला काही दिसायलाच नको."

"आणि आत?"

"आत काय?"

सुकदेवने समोर बघितलं. ओंजळीचा तळ जेमतेम झाकतील एवढे दाणे निघाले होते. त्याने मूठ वळून बघितली. अर्धीही भरत नव्हती. आणि तुकडा तर स्वच्छच दिसत होता, मघाशी होता तेवढाच.

दिवस कलला. नदीकडून गार वारा सुटला. आक्का त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्याने हातातले दाणे त्यांच्या सुपात टाकले, आणि लहान पोराने हिशेब चुकल्यावर मास्तरांकडे बघावं तसं बघितलं.

"एवढेच निघाले."

"दिसतंय."

"मग कोणतं घेऊ, आक्का? आता तरी सांगा. मला काहीच कळेनासं झालंय. आलो होतो तेव्हा निदान एक आवडत तरी होतं."

आक्कांनी सहा तुकड्यांवरून नजर फिरवली. वाटलं, आता बोट दाखवतील. सुकदेव ते बोट बघायला पुढे झुकला.

त्यांनी अंगणाची फाटकं लावून घेतली, म्हणजे रात्री कुणाचा पाय पडायला नको. मग ओट्यावर चढता चढता म्हणाल्या, "आजची रात्र असू देत तसेच. सकाळी चिमण्यांना विचार."

सुकदेव घरी गेला. वाटेत दोनदा गाडी थांबवून त्याने त्या बोलण्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. चिमण्या म्हणजे काय? जीव? मन? की त्या साध्या चिमण्याच म्हणाल्या? एकदा तर त्याला वाटलं, परत जाऊन विचारावं. पण आक्का काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं. म्हणतील, चिमण्या म्हणजे चिमण्या.

जेवायला बसला तेव्हा कावेरी भाकरी वाढायला आली. तिने त्याच्या हातांकडे बघितलं.

"काका, बोटं लाल कशाने झाली?"

"अक्षता उचलत होतो."

"कुणाच्या लग्नातल्या?"

सुकदेव भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. मग त्याने सात तुकडे, विक्रेता, 'रॉयल', सगळं बाजूला ठेवून तिला विचारलं, "बाई, तुला गं कसलं गवत हवंय?"

कावेरीला हसू आलं.

"मला? मी गवत कधी बघणार, काका? मंगलाष्टकं चालू असताना मान वर केली तर तुम्ही दिसणार. खाली घातली तर अक्षता." ती वाढता वाढता थांबली. "बाबांच्या वाटच्या अक्षताही तुम्हीच टाकायच्या ना?"

"हो," सुकदेव म्हणाला. आणि आपल्या लाल बोटांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव मठात पोचला तेव्हा आखूड तुकड्यावर चिमण्यांनी एकही दाणा ठेवला नव्हता आणि 'रॉयल'मध्ये मुंग्यांची रांग शिरत होती. त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला, मठाचं सगळं अंगण झाडून घेतलं, आणि मग ते आखूड गवत सांगायला नाशिकला फोन लावला.